मशेरीची डबी आणि आपल्या मुली

मुलींच्या व्यसनाचा विषय काढला की आपल्याकडे एक ठरलेले उत्तर मिळते. "आमच्यात असले काही नाही. ही सगळी पुण्या-मुंबईची थेरं." असे बोलणाऱ्याच्या डोळ्यांसमोर चित्रपटातली किंवा वेब सिरीजमधली मुलगी असते. तिच्या बोटांत सिगारेट असते, समोर ग्लास असतो. तशी मुलगी मोहल्ल्यात दिसत नाही, म्हणून जळगाव, भुसावळ, रावेर, धुळ्यातली आपली घरे निश्चिंत असतात.

आम्ही शाळेत शिकवतो. नशेच्या वस्तूंची नावे सांगा म्हटले की वर्गातल्या मुली भराभर सांगतात. दारू, सिगारेट, गांजा, गुटखा. एखादी व्हाइटनरही सांगते. मशेरीचे नाव मात्र कोणी घेत नाही. आम्हीच ते घेतले तर वर्गात हसू पसरते आणि मागच्या बाकावरून उत्तर येते, "टीचर, वो तो मंजन है ना!"

मुलींच्या व्यसनाबद्दल बोलायचे तर सुरुवात या उत्तरापासून करावी लागेल. कारण सिगारेट आणि दारू आपल्या घरात चोरून येतात, पण मशेरी फळीवर उघडी ठेवलेली असते.

मंजन की तंबाखू?

मशेरी कशी बनते हे आपल्या बायकांना सांगायला नको. तंबाखूची पाने तव्यावर काळी पडेपर्यंत भाजायची आणि कुटून भुकटी करायची. काही जणी ती दुकानातून तयार आणतात, काही जणी गुलाची डबी आणतात. सकाळी बोटावर घेऊन हिरड्यांना लावली की तोंडात तशीच राहू द्यायची. आधी दिवसातून एकदा, मग जेवणानंतर, मग दुपारी काम आवरल्यावर, मग झोपण्यापूर्वी. दात घासायला पाच मिनिटे पुरतात. मशेरी मात्र अर्धा अर्धा तास तोंडात असते.

ती मंजन आहे की नशा, याची परीक्षा रमजानमध्ये आपोआप होते. रोज्यात दात साफ करायला मिस्वाक चालते. मशेरीची सवय असलेली बाई मात्र सहरी संपली की डबी बंद करते आणि मगरिबच्या अजानची वाट पाहते. दुपारनंतर तिचे डोके ठणकते, चिडचिड होते, कशात मन लागत नाही. इफ्तारला खजूर तोंडात टाकून होते न होते तोच हात डबीकडे जातो. मंजन मिळाले नाही म्हणून कोणाचे डोके ठणकत नाही. हे निकोटिनचे काम आहे, आणि निकोटिन सिगारेटच्या धुरातून येवो की हिरड्यांतून, रक्तात मिसळून मेंदूपर्यंत पोहोचतेच.

सरकारनेही हे केव्हाच मान्य केले आहे. दंतमंजन आणि टूथपेस्टमध्ये तंबाखू घालायला केंद्र सरकारने १९९२ सालीच बंदी केली. तरी सुटी मशेरी बाजारात मिळत राहिली, आणि घरच्या तव्यावर काय भाजले जाते हे पाहायला कोणी येत नाही.

आकडे काय सांगतात?

प्रौढांच्या तंबाखू सेवनाची देशव्यापी पाहणी २०१६-१७ मध्ये झाली. तीत महाराष्ट्रातल्या धूम्रपान करणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण १.४ टक्के निघाले. धूर न काढता तंबाखू घेणाऱ्या, म्हणजे मशेरी लावणाऱ्या, तंबाखू-चुना किंवा जर्दा-पान खाणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण होते १६.६ टक्के. याचा अर्थ, आपल्या राज्यात दर सहा स्त्रियांमागे एक तंबाखू तोंडात ठेवते. दारूचे पाहिले तर २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या ०.४ टक्के स्त्रियांनी दारू घेत असल्याचे सांगितले. दारूबद्दल खरे बोलायला बायका कचरतात हे धरले, तरी मोठी संख्या कुठे आहे ते स्पष्ट आहे.

आता शाळकरी मुलींकडे वळू. १३ ते १५ वर्षांच्या विद्यार्थ्यांची देशव्यापी पाहणी २०१९ मध्ये झाली. तीत ९.६ टक्के मुलगे आणि ७.४ टक्के मुली कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू घेत असल्याचे आढळले. मोठ्यांमध्ये पुरुषांचे प्रमाण स्त्रियांच्या तिप्पट आहे. शाळेच्या वयात मात्र मुलगे आणि मुली जवळजवळ बरोबरीने चालले आहेत. याच पाहणीतली आणखी एक गोष्ट आम्हाला जास्त अस्वस्थ करते. धूरविरहित तंबाखू घेणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी ५२ टक्के जणांनी ती वयाच्या दहाव्या वाढदिवसाआधीच सुरू केली होती.

नऊ वर्षांच्या मुलीला तंबाखू कुठून मिळते? ती कॉलेजला जात नाही, हॉस्टेलवर राहत नाही, तिला वाईट संगत लागलेली नाही. तिला तंबाखू घरातच मिळते. दादी म्हणते, "जा बेटा, पुडी घेऊन ये." तव्यावरची मशेरी कुटायला तीच बसते. दाढ दुखली की अम्मीच म्हणते, थोडी लावून बघ. पोट साफ होत नाही म्हणून भाभी बोटभर देते. यात कोणाचा हेतू वाईट नसतो. पण पंधराव्या वर्षी त्या मुलीला सकाळी मशेरीशिवाय चैन पडत नाही, आणि आपल्याला व्यसन आहे हे तिच्या लक्षातही आलेले नसते.

पोटातल्या बाळाचा हिशेब

या मुलीचे पुढे लग्न होते. सासरी जाताना सामानाच्या तळाशी एक पुडी जाते. ती गरोदर राहते तेव्हाही मशेरी सुटत नाही. उलट मळमळीवर उपाय म्हणून वाढते.

मुंबईत डॉ. प्रकाश गुप्ता आणि श्रीविद्या सुब्रमणी या संशोधकांनी १,२१७ गरोदर स्त्रियांचा बाळंतपणापर्यंत मागोवा घेतला. त्यांतल्या तंबाखू घेणाऱ्या बहुतेक जणी मशेरीच लावणाऱ्या होत्या. २००४ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. तंबाखू घेणाऱ्या स्त्रियांची बाळे सरासरी १०५ ग्रॅमने हलकी जन्मली आणि सुमारे सहा दिवस आधी जन्मली. ज्या बाळाचे वजन आधीच दोन-सव्वादोन किलो भरते, त्याला शंभर ग्रॅमची तूट परवडत नाही. त्यात मशेरीने भूक मरते. महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आहे, हे कुटुंब आरोग्य पाहणी सांगते. आधीच फिकट पडलेल्या मुलीची भाकरी आपण अर्ध्यावर आणतो आणि मग तिला लोहाच्या गोळ्या देतो.

तोंडाचा कॅन्सर ही पुढची पायरी. गालाच्या आत किंवा जिभेवर पांढरा वा लाल चट्टा दिसला, दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम असली, तिखट लागले की तोंडात आग होऊ लागली, तोंड पूर्वीइतके उघडेनासे झाले, तर ‘उष्णता झाली’ म्हणून बसू नये. जळगाव आणि धुळे, दोन्ही ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाची रुग्णालये आहेत. तिथे तोंड दाखवून यावे. वेळेवर सापडलेल्या आजारावर उपचार होतो.

सिगारेट, हुक्का आणि ग्लास

मग सिगारेट आणि दारूची काळजीच नको का? काळजी हवी. आपल्या मुली आज नर्सिंग, फार्मसी, इंजिनिअरिंगसाठी पुणे, नाशिक, औरंगाबादला जातात, आणि त्यांनी जायलाच हवे. तिथे अभ्यासाचा ताण असतो, घराची आठवण असते, परीक्षेच्या आदल्या रात्री जागायचे असते. कोणी म्हणते, एक झुरका घे, डोके हलके होते. कोणी म्हणते, सिगारेटने वजन कमी होते. कोणी फळाच्या वासाची ई-सिगारेट पुढे करते आणि सांगते की ही नुसती वाफ आहे. त्या वाफेतही निकोटिन असते. देशात ई-सिगारेटच्या विक्रीवर २०१९ पासून बंदी आहे आणि महाराष्ट्रात हुक्का पार्लरवर २०१८ पासून. तरी या वस्तू चोरून मिळतात, हे मुलींना घरातून निघण्याआधीच माहीत असायला हवे.

सिगारेट म्हणजे स्वातंत्र्य, ही कल्पनाही कोणा स्त्रीच्या मनातून आलेली नाही. १९२९ साली न्यूयॉर्कच्या ईस्टर मिरवणुकीत काही तरुणींनी भर रस्त्यात सिगारेटी पेटवल्या. वर्तमानपत्रांनी त्याला स्त्रियांचे बंड म्हणून छापले. प्रत्यक्षात ती सारी योजना एडवर्ड बर्नेज नावाच्या प्रसिद्धीतज्ज्ञाची होती आणि त्याचे पैसे अमेरिकन टोबॅको कंपनीने मोजले होते. पुरुषांची बाजारपेठ भरली होती, कंपनीला बायकांची हवी होती. हा इतिहास आम्ही मुलींना सांगतो तेव्हा त्या लक्ष देऊन ऐकतात. सिगारेट ओढणारी मुलगी बिघडलेली असते, असे म्हटले की त्या कान बंद करतात.

दारूचा परिणामही स्त्रीच्या शरीरावर अधिक होतो. तिच्या शरीरात पाण्याचे प्रमाण पुरुषापेक्षा कमी असते, त्यामुळे तेवढ्याच दारूने तिच्या रक्तातले दारूचे प्रमाण जास्त वाढते. यकृत लवकर खराब होते, स्तनाच्या कॅन्सरचा धोका वाढतो. सिगारेट ओढणाऱ्या स्त्रीने गर्भनिरोधक गोळ्या घेतल्या तर हृदयविकार आणि पक्षाघाताची भीती वाढते, विशेषतः पस्तिशीनंतर.

हुकूम मुलीला वेगळा नाही

दारूबद्दल दीनचा हुकूम स्पष्ट आहे. सूरह माइदामध्ये ती पूर्णपणे मना केली आहे, आणि जे जे नशा आणते ते सारे त्याच हुकमात येते, असे प्रेषित (स.) यांच्या शिकवणीतून आपल्याला कळते. तंबाखूचे नाव त्या काळच्या ग्रंथांत नाही, कारण ती तेव्हा आपल्या जगात नव्हतीच. अमेरिकेतून ती पोर्तुगिजांबरोबर इकडे आली. असद बेग हा अकबर बादशहाचा वकील १६०४-०५ च्या सुमारास विजापूरहून परतला, तेव्हा त्याने तंबाखू आणि हुक्का दरबारात आणला. हकिमांनी तेव्हाच हरकत घेतली होती. पुढे १६१७ मध्ये जहांगीरने तंबाखूवर बंदी घातली, पण तोवर ती घराघरांत शिरली होती. उलमांमध्ये तंबाखूला मकरूह म्हणणारे आहेत आणि हराम म्हणणारेही आहेत. पण ती चांगली वस्तू आहे, असे कोणी म्हणत नाही. शरीर ही अमानत आहे आणि आपल्या हातांनी स्वतःला बरबादीत टाकायचे नाही, हे तर प्रत्येकजण मानतो.

यात मुलगा आणि मुलगी असा फरक कुठे आहे? तो आपण केला आहे. मुलगा चौकात सिगारेट ओढताना दिसला तर "जवान है, सुधर जाएगा" म्हणतो. अब्बा ओट्यावर बसून बिडी ओढतात आणि काडेपेटी मुलीकडूनच मागवतात. तीच मुलगी एकदा झुरका घेताना सापडली की खानदानाचे नाक कापले जाते. मुलींच्या डोळ्यांना हा फरक दिसतो. ज्या घरात अब्बांच्या खिशात गुटख्याची पुडी आणि दादीच्या उशाशी मशेरी आहे, त्या घरात मुलीला केलेल्या उपदेशाला वजन राहत नाही.

सापडली तर?

आम्हाला सर्वांत जास्त काळजी वाटते ती यापुढच्या भागाची. मुलगी सापडली की बहुतेक घरांत तीन गोष्टी घडतात. फोन काढून घेतला जातो, शिक्षण बंद होते आणि स्थळ पाहायला सुरुवात होते. दहावी-बारावीतल्या मुली पाहता पाहता पटावरून नाहीशा होतात. कारण विचारले तर घरचे म्हणतात, तब्येत ठीक नसते. तिच्या सोबतिणी यातून एवढाच धडा घेतात की कोणाला काही सांगायचे नाही. ज्या मुलीला मदत हवी असते तीही गप्प बसते. लग्नाने निकोटिन सुटत नाही. ते फक्त दुसऱ्या घरात जाते, आणि तिथे ती आणखी एकटी असते.

दुसऱ्याच्या दोषावर पांघरूण घालावे, असे दीन सांगतो. त्याचा अर्थ मोहल्ल्यात गवगवा करू नये असा आहे. उपचार करू नये असा नाही. आणि सुधारणा एका दिवसात होत नाही, हेही आपल्याच इतिहासात आहे. दारूबंदीचा हुकूम टप्प्याटप्प्याने आला. आधी तिचे नुकसान फायद्याहून मोठे असल्याचे सांगितले गेले, मग नशेत नमाजजवळ जाण्यास मनाई झाली आणि मग ती पूर्ण बंद झाली. लोकांची जुनी सवय जाणून त्यांना तयार केले गेले. मग आपल्या पंधरा वर्षांच्या मुलीने एका रात्रीत सोडावे आणि ते न जमल्यास घर सोडावे, ही अपेक्षा कुठल्या न्यायाची?

मुलीने सांगितले किंवा सापडली, तर आधी तिचे पूर्ण ऐकावे. कधीपासून, किती, कोणाबरोबर, कशामुळे, हे रागावून विचारले तर खोटे उत्तर मिळते. ती शाळेत किंवा कॉलेजात जात राहील हे तिला पहिल्याच दिवशी सांगावे. मग सोडण्याचा दिवस तिच्यासोबत बसून ठरवावा. पहिले तीन-चार दिवस सर्वांत कठीण असतात. डोके दुखते, झोप उडते, भूक वाढते, चिडचिड होते. तलफ येते तेव्हा ती काही मिनिटेच टिकते. तेवढ्या वेळात पाणी प्यावे, बडीशेप किंवा लवंग चघळावी, वुजू करावा, कोणाशी तरी बोलावे. मशेरीच्या जागी मिस्वाक किंवा साधी टूथपेस्ट आणावी, आणि दाढ दुखत असेल तर दातांच्या डॉक्टरकडे जावे. पुन्हा एकदा घेतली गेली तर सारे संपले असे समजू नये. दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरुवात करावी. दारूची रोजची सवय असेल तर मात्र ती डॉक्टरांच्या सल्ल्यानेच सोडावी, कारण एकदम बंद केल्याने जिवावर बेतू शकते.

मदत फोनवरही मिळते. तंबाखू सोडण्यासाठी राष्ट्रीय मोफत क्रमांक १८००-११-२३५६ आहे, नशामुक्तीसाठी १४४४६. पुण्यातले मुक्तांगण हे १९८६ पासून चाललेले व्यसनमुक्ती केंद्र आहे आणि तिथे स्त्रियांसाठी ‘निशिगंध’ हा वेगळा विभाग आहे. स्त्रियांवर उपचार करणारी जागा आहे, एवढे कळले तरी अनेक मुलींचे ओझे हलके होते.

घर, दुकान, शाळा

कायदा आपल्या बाजूने आहे. अठरा वर्षांखालील मुलांना तंबाखू विकता येत नाही आणि शाळा-कॉलेजपासून शंभर यार्डांच्या, म्हणजे सुमारे ९१ मीटरच्या आत ती विकता येत नाही. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या कलम ७७ नुसार लहान मुलाला दारू किंवा तंबाखू देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. त्यात ‘देणारा’ म्हटले आहे. दुकानदार असा भेद नाही. पुडी आणायला आपण मुलीला पाठवतो तेव्हा दुकानदाराला गुन्हा करायला आपणच भाग पाडतो, हे लक्षात असू द्यावे. शाळेच्या पालकसभेत, मोहल्ल्याच्या बैठकीत, जुम्याच्या बयानात हा मुद्दा एकदा तरी यावा. जवळच्या दुकानदाराला चार घरांनी मिळून सांगितले, की आमच्या मुलांच्या हाती पुडी देऊ नका, तर तो ऐकतो. त्याच्याही घरात मुली आहेत.

शेवटची विनंती घरातल्या दादी-नानींना. चाळीस वर्षांची सवय या वयात सोडणे सोपे नाही, हे आम्ही जाणतो. ज्यांना जमेल त्यांनी जरूर प्रयत्न करावा. रमजानचे तीस दिवस तुम्ही पहाटेपासून मगरिबपर्यंत राहून दाखवता, तेव्हा ताकद तुमच्यात आहेच. ज्यांना जमत नसेल त्यांनी एवढे तरी करावे: डबी नातीच्या हाती देऊ नये, पुडी तिला आणायला सांगू नये, आणि तिने विचारले तर "मंजन आहे" न म्हणता "तंबाखू आहे बेटा, मला लागली, तू लावू नकोस" असे सांगावे. दादीच्या तोंडून आलेले हे वाक्य मुली विसरत नाहीत. अल्लाह आपल्या मुलींना आरोग्य देवो आणि त्यांचे ऐकून घेण्याची समज आपल्याला देवो.